निसानचे ग्राहक नेमके कुठे गळाले?

इंदिरानगरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

माझ्या मेहुण्याला पहिलीच गाडी घ्यायची आहे. हाताशी आठ लाख रुपये आहेत, रोजचे जाणे-येणे नाशिकच्या इंदिरानगरहून सिन्नरची माळेगाव औद्योगिक वसाहत असे आहे आणि महिन्यातून एखाद्या वेळी कसारा घाट उतरून कल्याणला जावे लागते. त्याने चार गाड्या चालवून पाहिल्या आणि त्यांतली निसानची मॅग्नाइट त्याच्या मनात भरली. किंमत आवाक्यात आहे, गाडीला उंची आहे, मागच्या आसनावर सासूबाईंचे गुडघे अवघडत नाहीत. घरी विषय निघाला तेव्हा सासऱ्यांनी गाडीबद्दल काहीच विचारले नाही. पाच वर्षांनी ही कंपनी इथे असेल का, एवढेच त्यांनी विचारले. मेहुण्याकडे उत्तर नव्हते आणि खरे सांगायचे तर माझ्याकडेही नव्हते.

त्यानंतर मी थोडे वाचन केले. २०१७-१८ या आर्थिक वर्षात जगभरात सुमारे ५७ लाख ७० हजार गाड्या विकणाऱ्या या कंपनीची विक्री २०२४-२५ मध्ये साडेतेहतीस लाखांच्या आसपास आली. त्याच वर्षी तिला सुमारे ६७१ अब्ज येनचा निव्वळ तोटा झाला. नवे प्रमुख इव्हान एस्पिनोसा यांनी मे २०२५ मध्ये २०,००० नोकऱ्या कमी करण्याची आणि १७ कारखान्यांचे १० करण्याची योजना मांडली, आणि जुलैमध्ये जपानमधल्या, १९६१ पासून चालू असलेल्या ओप्पामाच्या कारखान्यातले उत्पादन २०२७-२८ अखेर थांबवण्याचे जाहीर झाले. त्याआधी होंडाबरोबर विलीनीकरणाची बोलणी डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि दोन महिन्यांच्या आत मोडलीही, कारण होंडाने निसानला उपकंपनी करून घेण्याचा प्रस्ताव पुढे केला.

तोटा, कर्ज, संचालक मंडळातले मतभेद यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला पडलेला प्रश्न साधा आहे. वर्षाला २४ लाख गाड्या कमी खपू लागल्या, म्हणजे तितकी माणसे दुसऱ्या कोणाच्या तरी शोरूममध्ये गेली. ती का गेली? गाडी वाईट निघाली म्हणून, महाग होती म्हणून, की आणखी कशामुळे? “माझ्याकडे आहे आणि उत्तम चालते” किंवा “भंगार आहे, घेऊ नका” अशा उत्तरांपेक्षा कारणे कोणी उलगडून सांगितली, तर सासऱ्यांसमोर काही तरी ठेवता येईल.

---

अंबडचा व्हेंडर

मी अंबडमध्ये पत्र्याचे सुटे भाग दाबून देणारे छोटे युनिट अनेक वर्षे चालवले, आता मुलगा पाहतो. निसानला आम्ही कधी माल दिलेला नाही, त्यामुळे त्या कंपनीशी माझे देणे-घेणे नाही. पण एखादी गाडी बाजारातून उठणार आहे, हे आमच्यासारख्यांना शोरूमच्या आधी कळते आणि ते कसे, हे सांगितल्याशिवाय माझे पुढचे म्हणणे पटणार नाही.

चालू गाडीत दर दीड-दोन वर्षांनी काही ना काही बदलत असते. छिद्राची जागा तीन मिलिमीटर सरकते, ब्रॅकेटला एक कड वाढते, पत्र्याची जाडी बदलते. ड्रॉइंगची सुधारित प्रत येते, आम्ही डाय (पत्रा दाबायचा साचा) दुरुस्त करून घेतो, नमुने पाठवतो, मंजुरीसाठी चपला झिजवतो. हा त्रासच असतो, पण तो चालू आहे तोवर पलीकडे कोणीतरी त्या गाडीचा विचार करत आहे, हे आम्हाला ठाऊक असते. एका कंपनीकडून (नाव लिहीत नाही) आम्हाला सलग अडीच वर्षे एकही सुधारित ड्रॉइंग आले नाही. महिन्याचे शेड्यूल, म्हणजे किती माल हवा याचा कागद, मात्र व्यवस्थित येत होते, उलट थोडे वाढलेच होते. आमच्या सुपरवायझरने तेव्हाच सांगितले होते की, शेठ, या मॉडेलसाठी नवीन डाय टाकू नका. पुढे वर्षभरात शेड्यूल निम्म्यावर आले आणि मग थांबले.

भारतातल्या निसानचा इतिहास मी याच नजरेने वाचतो. चेन्नईजवळच्या ओरगडमचा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला. २०१० मध्ये मायक्रा, २०११ मध्ये सनी, २०१२ मध्ये इव्हालिया, २०१३ मध्ये टेरानो, असा सुरुवातीचा वेग चांगला होता. त्यानंतर निसानच्या नावाने सर्वसामान्य माणसाने घ्यावी अशी नवी गाडी थेट जानेवारी २०१९ मध्ये, किक्सच्या रूपाने आली. मधल्या पाच वर्षांत इथल्या बाजाराची आवडच पालटली. छोट्या एसयूव्हीवर लोकांच्या उड्या पडू लागल्या. ज्याने २०१२ मध्ये मायक्रा घेतली त्याला २०१७ मध्ये मोठी गाडी हवी होती, आणि त्याच्या कंपनीकडे त्याला दाखवायला जुनीच टेरानो होती. तो माणूस रागावून गेला नाही, त्याला मायक्राबद्दल तक्रारही नसावी. त्याला पुढची पायरी दिसली नाही, एवढेच. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले तेव्हा मायक्रा, सनी आणि टेरानो तिन्ही गेल्या. २०२३ मध्ये किक्स गेली. त्यानंतर कंपनीच्या दालनात इथे बनलेली एकटी मॅग्नाइट उरली आणि २०२४ मध्ये तिच्या शेजारी आणून ठेवली ती बाहेरून आयात केलेली, ५० लाखांच्या घरातली एक्स-ट्रेल. तेव्हा सहा लाखांपासून सुरू होणाऱ्या गाडीच्या मालकाला पुढची पायरी ५० लाखांवर! जिन्याच्या मधल्या पायऱ्याच काढून टाकल्यावर माणूस वरच्या मजल्यावर जाणार कसा?

दुसरे कारण जुळ्या गाड्यांचे. मायक्रा आणि निसानची फ्रेंच भागीदार रेनो हिची पल्स, सनी आणि रेनोची स्काला, टेरानो आणि रेनोची डस्टर या जोड्या मुळात एकाच गाडीच्या होत्या, फक्त जाळी, दिवे आणि बिल्ले वेगळे. कारखान्याच्या हिशेबाने हे शहाणपणाचे आहे, एकाच डायवर दुप्पट माल निघतो. पण डस्टर २०१२ मध्येच आलेली होती. त्यानंतर वर्षभराने तीच गाडी थोड्या जास्त किमतीला निसानच्या नावाने आल्यावर, जास्त पैसे कशाचे मोजायचे याचे उत्तर विक्रेत्यालाही देता येईना.

तिसरे कारण मला सर्वांत मोठे वाटते, पण त्याची चर्चा कमी होते. सुरुवातीची वर्षे निसानने भारतातली विक्री, जाहिरात आणि विक्रेत्यांचे जाळे उभारण्याचे काम स्वतःकडे न ठेवता हॉवर ऑटोमोटिव्ह नावाच्या वेगळ्या कंपनीकडे सोपवले होते. २०१४ मध्ये तो करार संपवून निसानने ते काम स्वतःकडे घेतले. म्हणजे गाडी बनवणारा एक आणि ग्राहकाचे तोंड पाहणारा दुसरा. आमच्या धंद्यातही मधला माणूस असला, की मालाबद्दलची तक्रार कारखान्यापर्यंत पोहोचेपर्यंत तिची धार गेलेली असते. इव्हालियाचेच पाहा. सात-आठ माणसांची गाडी, सरकते दार, इंजिन उत्तम. पण सुरुवातीच्या गाड्यांत मधल्या रांगेच्या खिडकीची काच खाली होत नव्हती. आपल्याकडे एप्रिलमध्ये सहकुटुंब सप्तशृंगीला निघालेल्या माणसाला हा दोष शोरूममध्ये बसल्याबसल्याच कळतो. सरकत्या काचा पुढच्या वर्षी आल्या, तोवर गाडीची हवा गेलेली होती.

डॅटसनबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो विषय सर्वांना माहीत आहे. मधल्या काळात कंपनीने आपली सगळी ताकद या स्वस्त नावावर लावली. २०१४ मध्ये ‘गो’ आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत तिला शून्य तारे मिळाले; त्या संस्थेच्या प्रमुखांनी गाडी बाजारातून मागे घ्यावी, असे पत्र निसानचे तेव्हाचे प्रमुख कार्लोस घोन यांना लिहिले. एप्रिल २०२२ मध्ये डॅटसन हे नावच इथून गुंडाळले गेले. स्वस्त गाडी घेणारा माणूस सुरक्षिततेचे तारे मोजत नाही, असा कंपनीचा समज असावा. तो मोजत नसेलही, पण त्याचा इंजिनिअर भाचा मोजतो.

---

खातेवही

वरच्या प्रतिसादात भारताचे चित्र पुरेसे स्पष्ट झाले आहे, पण चोवीस लाखांचा खड्डा भारताने पडलेला नाही, कारण मुळात इथे निसानची विक्री तेवढी कधी नव्हतीच. तो खड्डा मोठ्या प्रमाणात अमेरिकेत आणि चीनमध्ये आहे. चीनमध्ये स्थानिक कंपन्यांच्या विजेच्या गाड्यांनी सगळ्याच परदेशी कंपन्यांचे गिऱ्हाईक पळवले, त्यात निसानचे वेगळेपण फारसे नाही. अमेरिकेतली गोष्ट मात्र स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेली आहे आणि मी हिशेबनीस असल्यामुळे मला ती जास्त रंजक वाटते.

२०११ मध्ये घोन यांनी ‘पॉवर ८८’ नावाची योजना जाहीर केली. २०१६-१७ अखेरपर्यंत जगाच्या बाजारात आठ टक्के वाटा आणि आठ टक्के नफा, असे तिचे दोन आकडे. अमेरिकेत तर दहा टक्के वाटा मिळवायचा होता. आकडा ठरला की तो गाठण्याचे सोपे रस्ते दोनच असतात. एक म्हणजे सूट द्यायची आणि दुसरा म्हणजे भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्यांना घाऊक विकायच्या. निसानने तिथे दोन्ही केले. विक्री वाढली, टाळ्याही मिळाल्या.

यात ग्राहक कसा गळतो, हे कागदावर मांडून पाहू. समजा, तुम्ही १२ लाखांना गाडी घेतली आणि तीन वर्षांनी ती साडेसात लाखांना जाईल, असा तुमचा अंदाज आहे. आता कंपनीने नव्या गाडीवर दीड लाखाची सूट लावली. नवी गाडी साडेदहाला मिळत असताना तुमच्या जुन्या गाडीला साडेसात कोण देईल? ती साडेसहावर येते. त्यातच भाड्याने फिरलेल्या शेकडो गाड्या जुन्या बाजारात उतरल्या की ती सहावर येते. तुमच्या गाडीत काहीही बिघडलेले नाही, ती एकदाही बंद पडलेली नाही, तरी तुमचे दीड लाख गेले. हे पैसे कंपनीने घेतले, असे कोणत्याही पावतीवर लिहिलेले नसते, पण गाडी विकायला काढली त्या दिवशी तुम्हाला ते कळते आणि पुढची गाडी तुम्ही त्या कंपनीची घेत नाही. अमेरिकेत भाडेपट्ट्यावर गाडी घेणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे आणि तिथला मासिक हप्ता, मुदत संपल्यावर गाडीला किती किंमत येईल या अंदाजावर ठरतो. म्हणजे जुनी किंमत पडली की नव्याचा हप्ता वाढतो. हप्ता वाढला की विक्री थंडावते. विक्री वाढवायला आणखी सूट द्यावी लागते. या चक्रातून बाहेर पडायचे तर काही वर्षे विक्री घटलेली सोसावी लागते, आणि निसानने २०१९ नंतर ती सोसलीही.

या पडत्या किमतीला आणखी एक हातभार लागला, तो सीव्हीटी गिअरबॉक्सचा. या रचनेत दातेरी चाकांच्या जोड्यांऐवजी दोन पुली आणि त्यांवरून फिरणारा धातूचा पट्टा असतो. पुलीचा व्यास बदलत राहतो, त्यामुळे गाडी झटके न देता वेग घेते आणि इंधनही वाचते. निसानने अमेरिकेतल्या आपल्या बहुतेक गाड्यांत ही रचना टाकली. थरथर, घसरणे, गरम होणे अशा तक्रारी इतक्या आल्या की, कंपनीला काही गाड्यांच्या गिअरबॉक्सची हमी वाढवून द्यावी लागली आणि न्यायालयात सामूहिक दाव्यांमध्ये तडजोडी कराव्या लागल्या. हमी मिळाली, हे चांगलेच झाले. पण जुनी गाडी घेणारा हमीचा कागद वाचण्याआधी शेजाऱ्याला विचारतो.

शेवटी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी. २०१० मध्ये लीफ आणून सर्वसामान्यांसाठी विजेची गाडी मोठ्या प्रमाणावर बनवणारी ही पहिल्या काही कंपन्यांपैकी एक. जपानमध्ये २०१६ पासून तिच्याकडे ई-पॉवर नावाची स्वतःची हायब्रिड पद्धतही होती. असे असताना २०२४ मध्ये अमेरिकेतला ग्राहक पेट्रोल वाचवणारी हायब्रिड मागत टोयोटा आणि होंडाच्या दारात उभा होता, तेव्हा निसानकडे तिथे द्यायला एकही हायब्रिड नव्हती. तत्कालीन प्रमुख माकोतो उचिदा यांनी ही चूक उघडपणे मान्य केली. घरात पीठ असून भाकरी न थापल्यासारखे झाले हे.

घोन यांची आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपावरून २०१८ मध्ये झालेली अटक आणि पुढच्या वर्षअखेरीचे जपानमधून पलायन यांवर लोक तासन्‌तास बोलतात. त्या गोंधळात व्यवस्थापनाचे लक्ष विचलित झाले, हे खरे. पण त्यामुळे एखाद्या गिऱ्हाइकाने गाडी नाकारली असेल, असे मला वाटत नाही.

---

गंगापूर रोड

वरचे दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु मेहुण्याच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध कमी आहे. चेन्नईच्या कारखान्यातला निसानचा ५१ टक्के हिस्सा रेनोने ऑगस्ट २०२५ मध्ये विकत घेतला, तेव्हापासून “निसान चालली” असे लोक बोलू लागले. वस्तुस्थिती अशी आहे की, त्याच कारखान्यात निसानच्या गाड्या बनणे चालू आहे, मॅग्नाइट बाहेरच्या देशांतही जाते आणि टेक्टॉन नावाची नवी एसयूव्ही आणणार असल्याचे कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मॅग्नाइटला मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले. शून्यावरून पाचावर आलेल्या कंपनीला जुन्या पापांसाठी किती दिवस झोडपायचे? गाडी आवडली असेल तर घ्यावी.

---

त्र्यंबक रोड

या चर्चेत नाशिककरांनी लोगानचे नाव अजून काढले नाही, याचे आश्चर्य वाटते. चांगली गाडी असूनही ग्राहक कसा हातचा जातो, याचे उदाहरण आपल्या शहरातच घडलेले आहे.

महिंद्रा आणि रेनो यांनी ५१ आणि ४९ टक्क्यांच्या भागीदारीत ही गाडी नाशिकच्या कारखान्यात बनवायला घेतली आणि ती एप्रिल २००७ मध्ये बाजारात आली. आतून प्रशस्त, मागे तीन माणसे खरोखर बसतील अशी, डिझेलला काटकसरी आणि खड्ड्यांना न घाबरणारी. पैसे कुठे वाचवले आहेत तेही दिसत होते. मूळ रचनेतच दोन्ही बाजूंचे आरसे एकाच साच्यातले आणि काचा शक्य तितक्या सपाट. मला त्यात गैर काही वाटले नाही, पण सेडान घेणारा माणूस चारचौघांत दिसण्यासाठीही पैसे मोजतो आणि लोगानची टॅक्सी म्हणून जी ओळख झाली ती पुढे पुसली गेली नाही.

खरी मेख वेगळीच होती. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेलचे १५०० सीसीपर्यंत. लोगानचे डिझेल इंजिन १४६१ सीसीचे होते, म्हणजे ती अट पूर्ण होत होती. गाडीची लांबी मात्र सव्वाचार मीटर. पंचवीस सेंटिमीटर लांब असल्यामुळे ती वरच्या शुल्कात गेली. टाटांनी २००८ मध्ये इंडिगोची मागची बाजू आखडून सीएस नावाने चार मीटरच्या आत बसवली. मारुतीने २०१२ मध्ये डिझायरचे तेच केले. लोगान आहे त्या लांबीची राहिली. २०१० मध्ये रेनो भागीदारीतून बाहेर पडली, २०११ मध्ये गाडीचे नाव व्हेरिटो झाले आणि २०१३ मध्ये महिंद्राने मागचा भाग कापून चार मीटरच्या आतली व्हेरिटो व्हाइब आणली. शुल्क कमी झाले त्यानंतर सात वर्षांनी! तोवर ग्राहक दुसऱ्या गाडीचे हप्ते फेडून मोकळाही झाला होता.

निसानच्या गोष्टीशी याचे नाते मला असे दिसते की, दोन्हीकडे ग्राहकाला काय हवे हे इथल्या माणसांना वेळेवर कळलेले होते. मोजपट्टी घेऊन निर्णय घेणारे मात्र दूर बसलेले होते आणि दोन भागीदारांच्या संमतीखेरीज पत्र्याला हात लागत नव्हता. म्हणून गंगापूर रोडकरांच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. आजची गाडी चांगली आहे की नाही हा एक प्रश्न झाला, आणि उद्या बाजार वळला तर कंपनी किती दिवसांत वळेल, हा दुसरा.

---

द्वारका गॅरेज

सर्वांचे लेखन वाचले. मी गॅरेज चालवतो, लिहिण्याची सवय नाही, चुकल्यास सांभाळून घ्यावे.

त्र्यंबक रोडच्या काकांनी १४६१ सीसीचा उल्लेख केला, त्यावरून एक गोष्ट सांगतो. ते दीड लिटरचे डिझेल इंजिन लोगान आणि व्हेरिटोत आहे, डस्टरमध्ये आहे आणि निसानच्या मायक्रा, सनी, टेरानोतही आहे. म्हणून या गाड्या बंद होऊन इतकी वर्षे झाली तरी इंजिनाच्या कामाला मी कधी अडलेलो नाही. फिल्टर, टायमिंग बेल्ट, नोझल, सर्व काही मिळते. नोझलचे काम करणारे कारागीर तर नाशिकमध्ये मिकोच्या (आताच्या बॉशच्या) कारखान्याच्या पुण्याईने गल्लोगल्ली आहेत. लोक मात्र घाबरतात ते इंजिनाला, “कंपनी गेली, आता इंजिन कोण बघणार” असे म्हणतात.

माझ्या अनुभवात गाडी अडते ती काच, दिवा आणि पत्रा यांपाशी. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक गाडी आली, कंपनीचे नाव सांगत नाही. मुंबई नाक्यावर रिक्षा घासून डावा पुढचा दिवा फुटला होता आणि बंपरचा कोपरा उखडला होता. विमा चालू होता, पैशांचा प्रश्न नव्हता. दिवा मागवला तर सात आठवडे लागले. नाशिकमधले त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर बंद झालेले होते, ठाण्याहून माल येणार होता आणि ठाण्याच्या माणसाचे उत्तर दर सोमवारी एकच असायचे. गाडीच्या मालकीणबाई शिक्षिका आहेत. त्या सात आठवडे एका दिव्यावर, बंपरला पारदर्शक पट्टी चिकटवून, पंचवटीतून नाशिक रोडला ये-जा करत होत्या. पट्टी पावसात सुटायची, आमचा पोरगा नवी लावून द्यायचा. दिवा आला, बसवला, त्यांनी पेढे दिले आणि महिनाभरात गाडी विकली. तोपर्यंतच्या सहा वर्षांत त्या गाडीने त्यांना एकदाही रस्त्यात सोडलेले नव्हते.

जुन्या गाड्यांचे दलाल हे बरोबर ओळखतात. ते बॉनेट उघडण्याआधी दिवे आणि काचा पाहतात, कारण ज्या कंपनीचे सेंटर शहरात नाही तिच्या दिव्याला साधा ओरखडा असला तरी ते किंमत पाडून मागतात. खातेवहीताईंनी अमेरिकेचा जो हिशेब मांडला तो इथे द्वारकेच्या चौकात असा होतो.

फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले कारखाने बंद करत असल्याचे जाहीर केले आणि त्याआधी २०१७ अखेर जनरल मोटर्सने इथली विक्री थांबवली, तेव्हा त्या गाड्यांच्या जुन्या किमती कशा गडगडल्या ते आम्ही पाहिले आहे. गाड्या आजही चालतात, सुटे भागही बऱ्यापैकी मिळतात. पण इंदिरानगरकरांच्या सासऱ्यांनी जो प्रश्न विचारला, तो ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत असे प्रत्येक गिऱ्हाईक विचारते. मॅग्नाइटचे काम आमच्याकडे येते, गाडीबद्दल माझी तक्रार नाही.

---

अंबडचा व्हेंडर

द्वारका गॅरेज यांच्या प्रतिसादात माझी एक चूक निघाली, ती कबूल करतो. जुळ्या गाड्यांमुळे ग्राहक गेले, असे मी लिहिले; त्याच जुळेपणामुळे आजच्या मालकाला इंजिनाचे भाग मिळत आहेत, हे माझ्या लक्षात आले नव्हते. दिव्यांचे मात्र उलट. जुळ्या गाडीत नेमके दिवे, जाळी आणि बंपर हेच वेगळे ठेवतात, म्हणजे वेगळेपणाचा साचा कमी संख्येवर चालतो. कमी संख्येचा माल आमच्यासारखा कोणीही व्हेंडर रोज काढत नाही. पाचशे नगांची मागणी साचली की मशीनवर डाय चढवतो, एका पाळीत माल काढतो आणि डाय परत मांडणीवर ठेवतो. सात आठवड्यांचे उत्तर बहुधा त्यातच आहे.

---

इंदिरानगरकर

सर्वांचे मनापासून आभार. मी हे सगळे काल रात्री सासऱ्यांना वाचून दाखवले. पॉवर ८८ आणि उत्पादन शुल्क त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, शिक्षिकाबाईंच्या गाडीपाशी आल्यावर मात्र मला थांबवून तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. नंतर त्यांनी मेहुण्याला विचारले की, तू ज्या चार गाड्या पाहिल्यास, त्यांच्या डाव्या दिव्याची किंमत काय आहे आणि तो किती दिवसांत मिळतो? मेहुण्याने मायलेज, टच स्क्रीन, हप्ता, सगळे वहीत टिपून ठेवले होते, हे तेवढे नव्हते.

गंगापूर रोडकरांचे म्हणणेही आम्ही बाजूला सारलेले नाही. मॅग्नाइट अजून यादीत आहे. शनिवारी आम्ही दोघे चारही ठिकाणी पुन्हा जाणार आहोत, या वेळी शोरूममध्ये न जाता थेट मागच्या बाजूला, सुट्या भागांच्या खिडकीपाशी. दिव्याची किंमत आणि मुदत लिहून आणतो आणि इथेच टाकतो.